बेटावरचं बोलावणं

पुनर्वसन वसाहत, ता. पवनी, जि. भंडारा
१४ ऑगस्ट २०२३

दादा,

तुझ्या बेटावर पाणी चढलं तर माणसांना कुठे हलवतात? आई रोज विचारते आणि मला उत्तर येत नाही. भूगोल घेऊन बी.ए. झाले. प्रवाळाचं बेट कसं तयार होतं ते परीक्षेत आकृती काढून लिहिलं. हा प्रश्न मात्र कुठल्याच पेपरात नव्हता.

पत्ता विनोदकडून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस. नागपूरच्या हॉटेलच्या कोर्सातला तोच एक मित्र तुझ्याशी अजून बोलतो, आणि तोही फार मागे लागल्यावर द्यायला तयार झाला. तू माझा फोन उचलत नाहीस, बाबांचा तर नाहीच, म्हणून हा कागद. बहामाला पत्र पाठवायचं म्हटल्यावर पवनीच्या पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "हे कोनत्या राज्यात येते?" मी समुद्राकडे हात केला. म्हणजे मला वाटलं समुद्राकडे. आमच्या दोघींपैकी कोणीच तो पाहिलेला नाही.

पवनीच्या बसस्टँडवर बाबा तुला काय म्हणाले ते मी ऐकलं होतं. "जाशीन तं पुन्हा तोंड दाखवू नको." तू गेलास, आणि दोन वर्षं त्यांचा शब्द पाळलास. बाबांनी तुला जन्मभर सांगितलेल्या गोष्टींपैकी एवढी एकच तू इतकी पाळलीस.

लिहायचं कारण असं की आईची तब्येत बरी नाही. पिशवीत गाठ निघाली आहे. रक्त फार जातं. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन सांगितलं आहे, आणि लवकर सांगितलं आहे. आई ऐकत नाही. ती म्हणते, आधी अनुपच्या बेटावर जाऊन येऊ, मग ऑपरेशन. हिवाळ्यात तिथे फिरायला जायचं तिनं पक्कं धरलं आहे. हे तिच्या डोक्यात कसं बसलं कोण जाणे.

तू एक फोन कर. आईला सांग की आधी ऑपरेशन कर. तुझं ती ऐकेल. एवढंच मागते.

प्रतिक्षा


१० सप्टेंबर २०२३

दादा,

विनोद म्हणतो, पत्र तुला मिळालं. वाचलंस आणि काही बोलला नाहीस.

मागच्या पत्रात मी 'कोण जाणे' असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. आईच्या डोक्यात बेट मीच घातलं.

जुलैमध्ये भंडाऱ्याला तपासणीला गेलो होतो. कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा आईनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, टेबलावरून उठलीच नाही तर? पोराला न पाहता जायचं का? डॉक्टरीणबाई घड्याळाकडे पाहत होत्या. मागे बायकांची रांग होती. मी म्हणून टाकलं, "आई, दादाचा फोन आला होता. त्यानं आपल्याला बोलावलं आहे, हिवाळ्यात. तोवर बरी नको का व्हायला?"

मला वाटलं, ती आनंदानं सही करेल. तिनं पिशवी उचलली आणि म्हणाली, "असं कायले सांगतलं नाई आधी? मंग पयले जाऊन येऊ. एक डाव पोराले डोयानं पाहीन, मंग काय व्हाचं थे होवो."

आम्ही तशाच परत आलो. बसमध्ये मी तोंड उघडायला हवं होतं. अड्याळ येईपर्यंत सांगू, मग पवनी येईपर्यंत सांगू, असं करत घर आलं. घरी तर आईनं ओसरीवर पाय ठेवायच्या आधीच ललिताबाईंना हाक मारून सांगितलं. ललिताबाईंना सांगितलं म्हणजे वसाहतीला सांगितलं.

आता संध्याकाळी आमच्या घरी बहामाची बैठक असते. मी मोबाइलवर नकाशा उघडते. सातशेच्या आसपास बेटं आहेत आणि माणसं मोजक्याच बेटांवर राहतात, हे ऐकून आईनं विचारलं, "बाकीच्याले उठवलं का?" मी म्हटलं, नाही, तिथे कोणी नव्हतंच. मग नदी कोणती आहे म्हणाली. मी शोधलं. तिथे म्हणावी अशी नदीच नाही.

"नदी नाई?"

"नाही."

"म्हंजे धरन बी नाई."

"नाही."

आईनं ललिताबाईंच्या मांडीवर थाप मारली. "पाय वो बाई! बाबू अकलेचा हाये. जागा पाहूनच गेला."

सगळ्या हसल्या, मीही हसले. सगळ्यात वाईट हेच की मला त्या बैठकी आवडतात. आईनं इतकं बोललेलं मी जुनं गाव धरणात गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

तू तिच्याशी का बोलत नाहीस, असं तिनं विचारलंच. मी सांगितलं, त्याचा दिवस म्हणजे आपली रात्र, तू झोपलीस की त्याचा फोन येतो. ग्लोबवर बोटानं दाखवलंसुद्धा. तीन वर्षं शिकले ते या कामी आलं. ललिताबाई म्हणाल्या, "पोरगी शिकली हाये, तिले सारं समजते." दादा, आपल्या घरातली पहिली पदवीधर मी. माझ्या बोलण्यावर कोणी संशय घेत नाही. मी शाळेत शिकवायला लागेन, मुलींना प्रश्न विचारायला शिकवेन, असं मला वाटायचं. माझ्या घरात मला एकही प्रश्न अडचणीचा येऊ नये म्हणून मी काय काय करते आहे ते तू पाहायला हवंस.

फोन कर. आता मी खोटं बोलले म्हणून तरी कर. मला शिव्या देण्यासाठी कर.

प्रतिक्षा


२९ ऑक्टोबर २०२३, रविवार

दादा,

आज तीन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली हसण्यासारखी आहे, म्हणून आधी ती.

बाबांनी आणि आईनं पासपोर्टसाठी अर्ज केला. मी अडवायला हवं होतं, उलट मीच भरून दिला. परवा चौकशीला पोलीस आला. तरुण होता. बाबांचे कागद पाहून म्हणाला, "काकाजी, हे गाव तं पान्यात हाये." बाबा म्हणाले, "हो. म्हनून तं आमी इथं हाव." तो म्हणाला, मग जन्माच्या जागेची खातरी कशी करू? बाबांनी जाळं बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "चाला, डोंग्यात बसा. वरून दाखवतो." त्यानं चहा घेतला आणि सही केली. जाताना विचारलं, कुठे निघालात? आईनं आतून ओरडून सांगितलं, "बहामाले!" त्याला ते गोंदियाकडचं एखादं गाव वाटलं असावं. "बरं बरं," म्हणाला, "सांभाळून जाजा."

दुसरी गोष्ट बाबांची. मी आईला सांगितलं तेव्हा बाबांचा विचारच केला नव्हता. ते काही विचारत नव्हते, म्हणून मला वाटलं त्यांना यात रस नाही. दसऱ्यानंतर एकदा ते जाळं शिवत बसले होते आणि मी भांडी घासत होते. मान वर न करता म्हणाले,

"त्यानं मले बी बोलावलं का?"

मी राख लावत राहिले. ते पुन्हा म्हणाले, "का फक्त माईलेच?"

मी म्हटलं, "तुम्हाला पण, बाबा. तुमचं नाव घेतलं त्यानं."

 दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगा घेऊन गेले ते दुपारी आले. आपल्या जुन्या गावामागची टेकडी आता पाण्यात एकटी उभी आहे, बेटासारखी. तिच्यावरचं सीताफळाचं झाड अजून आहे. तू त्यावरून पडला होतास, तेच. बाबा टोपलीभर सीताफळं घेऊन आले. म्हणाले, बाबूसाठी. आई हसून हसून खोकायला लागली. "जायाचं डिसेंबरात, अन् फयं आनले आता! तोवर मुंग्या पोचतील बहामाले." बाबा म्हणाले, "बिया तं जातील." त्यांनी सगळी सीताफळं आम्हाला खायला लावली आणि बिया धुऊन सुपात वाळत घातल्या. त्या आता पिशवीत आहेत. पिशवीत आणखी काय काय आहे सांगू? भिवापुरी मिरची, जवसाची चटणी, ललिताबाईंचे पापड, आणि बाबांनी मासे वाळवून केलेली सुकसी, दोन प्लॅस्टिकमध्ये बांधून, वास येऊ नये म्हणून. घरभर वास येतो.

आईला मी खोटी आशा दिली. बाबांना मी तुझी माफी दिली, तुला न विचारता. ती माझी नव्हती.

तिसरी गोष्ट आजची. काल पौर्णिमेला वर्षावास संपला. विहारात वंदना मीच सांगते, तुला माहीत आहे. मी पुढे म्हणायचं आणि बायकांनी मागून. आज पंचशील घेताना चौथं आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. हजारदा म्हटलं असेल. 'मुसावादा' म्हटलं आणि पुढचं निघेना. ओळ पाठ होती. मागे बायका थांबल्या. 

पुढच्या रांगेतून आईनं ओळ उचलली आणि पूर्ण केली. सगळ्या तिच्यामागून म्हणाल्या.

बाहेर आल्यावर चपला घालताना तिनं विचारलं, "काहून थांबली?"

मी म्हटलं, "घसा बसला आहे."

विहाराच्या पायरीवर, दादा. आईनं घरी आल्यावर मला हळदीचं दूध दिलं.

प्रतिक्षा


१९ नोव्हेंबर २०२३, भंडारा

दादा,

हे दवाखान्यातून लिहिते आहे. आई ललिताबाईंच्या बांधीत धान कापायला गेली होती, मी नको म्हणत असताना. तिथेच चक्कर येऊन पडली. लुगडं भिजलं होतं. रक्त चढवलं आहे. डॉक्टरीणबाई मला बाहेर नेऊन म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या आहात ना? मग एवढे दिवस कशाची वाट पाहिली?"

मी आईच्या खाटेकडे परत गेले.

आई शुद्धीत आली तेव्हा पहिलं विचारलं, पासपोर्ट आला का? ती अजूनही सही करत नाही. म्हणते, आता महिनाच राहिला, तेवढं रक्त पुरते.

विनोद काल भेटायला आला होता. त्यानं एक उपाय सुचवला. उद्या सकाळी तो खालून फोन करेल आणि तू होऊन बोलेल. आई, मी अनुप, आधी ऑपरेशन करून घे, मग तिकीट काढतो. एवढंच. त्याचा आवाज फोनवर तुझ्यासारखा येतो, आणि तू बोलायच्या आधी खाकरतोस तसा तो खाकरूनही दाखवतो. मी हो म्हटलं. त्याचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये 'दादा' नावानं घालून ठेवला आहे.

हे पत्र उद्याच्या आत तुला मिळणार नाही. तरी लिहिते, कारण आवाज तुझा आहे. तुझी परवानगी घ्यायला हवी होती.

प्रतिक्षा


१७ डिसेंबर २०२३, रविवार

दादा,

आईचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. ती घरी आहे, खाटेवरून सगळ्यांना कामाला लावते आहे. हे आधी सांगितलं, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

त्या सकाळी फोन वाजला. बाबा स्टुलावर बसून मोसंबी सोलत होते. मी स्क्रीन आईकडे केली. 'दादा' ही अक्षरं पाहून तिनं आधी पदर नीट केला. मग हात पुढे केला. सलाइन लावलेला हात होता, नळी ओढली गेली तरी तिला समजलं नाही.

मी फोन कापला.

"काहून कापला वो?"

"दादाचा नव्हता, आई."

"नाव तं त्याचंच होतं."

"नाव मी घातलं होतं. विनोद होता. खाली उभा आहे. त्याला मीच सांगितलं होतं, दादा होऊन बोल म्हणून."

तिला समजेना. मग मी सगळं सांगितलं. दादानं बोलावलं नाही, कधीच नाही, मला एकही फोन आला नाही, दिवस-रात्र मी ग्लोबवर दाखवलं ते खरं होतं पण फोन खोटा होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं झोपेचं सोंग घेतलं होतं, तिचेही डोळे उघडले.

बाबांचा हात थांबला. "मले बी नाई?"

"कोणालाच नाही, बाबा."

त्यांनी अर्धी सोललेली मोसंबी खिडकीत ठेवली आणि बाहेर गेले. मला वाटलं, आता आईही तोंड फिरवून घेईल आणि सही कधीच होणार नाही. तिचं काही झालं तर ते माझ्या हातून झालेलं असेल. एवढं सगळं ठाऊक असूनही सांगितलं. फोनकडे पुढे आलेला तो हात पाहिल्यावर दुसरं काही करता येईना.

आईनं सलाइनचा हात मागे घेतला.

"म्हंजे तो अजून रागातच हाये," ती म्हणाली.

"हो."

"पक्कं?"

"विनोद म्हणतो, माझी पत्रं त्याला मिळतात. वाचतो, काही बोलत नाही."

"मंग मले मरता येत नाई," आई म्हणाली. "बोलावलं असतं तं पाहून आली असती, अन् मंग काई बी झालं असतं. रागातलं पोरगं मांगं ठेवून कोन जाते? बोलाव त्या डॉक्टरीणबाईले. पेन आन."

तिनं सही केली. दादा, ज्या खोट्यानं ती जगावी म्हणून मी धडपडत होते, त्या खोट्यानं तिची मरायची तयारी झाली होती. हे मला त्या क्षणापर्यंत समजलं नव्हतं, आणि डॉक्टरीणबाई मला शिकलेली म्हणत होत्या.

माफ मात्र केलेलं नाही. ऑपरेशननंतर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मी शेजारी बसलेली असताना बाबांना सांगायची, "त्या भूगोलवालीले म्हना, पानी दे." आता बोलते, पण मी काही सांगितलं की विचारते, "खरं?" मीठ संपलं म्हटलं तरी विचारते. स्वतः उठून डबा पाहता येत नाही, म्हणून आणून दाखवायला लावते. मी आणून दाखवते.

बाबा त्या दिवशी संध्याकाळी परत आले. कुठे होते ते सांगितलं नाही. घरी आल्यावर मला म्हणाले, लिही. ते सांगतात तसं खाली लिहिते आहे.

"तोंड दाखवू नको, थे म्या म्हनलो होतो. थे तुया बहिनीचं खोटं नाई, थे खरं म्या म्हनलो. आता म्या म्हनतो, दाखव. येता येत नसन तं फोटो धाड."

यात माझा एकही शब्द नाही. बाबांना दोनदा वाचून दाखवलं. शेवटी मी 'तुझे बाबा' असं लिहिलं होतं, तेही त्यांनी खोडायला लावलं. म्हणाले, म्या तसं म्हनलो नाई.

आज सकाळी विहारात वंदनेच्या आधी मी उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं. बहामाचं बोलावणं आलं नव्हतं, मी रचलं होतं, आणि त्यापायी आई मरता मरता वाचली.  मग ललिताबाई म्हणाल्या, "अन् माये पापड?" मी म्हटलं, घरी आहेत, आणून देते. त्या म्हणाल्या, "राहू दे. पन बाई, तुया तोंडून निंगालं म्हनून आमी नातवाईले बी सांगत होतो." हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं.

वंदना सांगायला मी खुशबूला पुढे बसवलं. ती दहावीत आहे, तिचे उच्चार माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत. मी मागच्या रांगेत बसले आणि चौथं शील तिच्यामागून म्हटलं. एवढ्या आवाजांत माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

या पत्रात मी तुला फोन कर म्हणत नाही. पहिल्या पत्रापासून मी तुला माझं खोटं खरं करून दे, असंच म्हणत होते. बाबांचा निरोप वर आहे, तो त्यांचा आहे. त्याचं काय करायचं ते तू पाहा.

माझं काम एवढंच उरलं होतं. दुपारी आम्ही पिशवी उघडली. मिरची डब्यात गेली. बिया बाबांनी मोरीच्या पाण्याजवळ लावल्या, त्यातली एखादी उगवेल म्हणतात. सुकसी मी वांगं घालून रांधली, आई खाटेवरून मीठ-तिखट सांगत होती. बाबांनी दोनदा वाढून घेतली. तेव्हा दादा, तू न दिलेल्या बोलावण्याचं उत्तर कळवते. आम्ही येत नाही आहोत. तुझ्या वाटणीची सुकसी आम्ही खाल्ली.

प्रतिक्षा